टोळांचा माग काढणारा माणूस : बोरिस उवारोव्ह

२०२० च्या मे महिन्यात आमच्या किरनापुरात दोन गोष्टींची धास्ती होती. एक करोनाची, दुसरी टोळांची. करोनामुळे बाघ नदीच्या पुलावर पोलिसांचं नाकं बसलं होतं. पुलापलीकडे गोंदिया जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. माझ्या मामाचं गाव तिकडेच. आईला तिच्या आईला बघायला जायचं होतं, पण पास नव्हता. आणि त्याच आठवड्यात रोज बातमी यायची की राजस्थानातून निघालेली टोळधाड अमरावती जिल्ह्यात शिरली, मग वर्ध्याकडे गेली, मग काटोलच्या संत्र्यांवर बसली, मग भंडाऱ्यापर्यंत पोहोचली. तिला कुठल्याच नाक्यावर कोणी अडवत नव्हतं.

आजोबांनी माळ्यावरून तेलाचे रिकामे डबे खाली काढले. थाळ्या, पराती, एक जुना ढोल असं सगळं ओसरीत जमा झालं. आमच्याकडे कोणी टोळ म्हणतं, कोणी टिड्डी म्हणतं. पण ती आली की आवाज करायचा, खाली बसू द्यायची नाही, एवढं सगळ्यांना माहीत. आमच्या बांध्यांमध्ये उन्हाळी धान उभा होता. मी आजोबांना विचारलं की हे किडे येतात तरी कुठून. ते म्हणाले राजस्थानातून. मग राजस्थानात कुठून येतात, असं विचारल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलंच नाही.

तो प्रश्न माझ्यासोबत कॉलेजपर्यंत आला. दुसऱ्या वर्षाला प्राणीशास्त्राच्या पुस्तकात टोळांवर दीड पान होतं आणि त्यात एक नाव होतं, बोरिस उवारोव्ह. परीक्षेपुरतं नाव पाठ करून विसरून जायचं, इतकंच त्याचं महत्त्व. पण मंडळाच्या अंकासाठी एखाद्या नामवंत व्यक्तीचं चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी ओळखीची नावं घेतली आणि मी हे घेतलं. कीटकांचा अभ्यास करणाऱ्या जगात हे नाव फार मोठं आहे. मराठीत मात्र त्यांच्याविषयी फारसं वाचायला मिळत नाही.

उवारोव्हच्या आधी लोकांना टोळांबद्दल काय माहीत होतं, ते आधी सांगते. माहीत भरपूर होतं आणि काहीच नव्हतं. बायबलमध्ये निर्गमाच्या पुस्तकात मिसर देशावर टोळ येतात ते पूर्वेच्या वाऱ्याबरोबर, आणि जातात ते पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर. आपल्याकडे जुन्या संस्कृत ग्रंथांत शेतीवरच्या संकटांना ईति म्हणतात. अतिवृष्टी, अनावृष्टी, उंदीर यांच्या रांगेत तिथे शलभ, म्हणजे टोळ, बसलेले आहेत. हजारो वर्षं माणसं त्यांना ओळखत होती. पण दोन धाडींच्या मधल्या दहा-पंधरा वर्षांत हे टोळ जातात कुठे, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. आकाश काळं करणारा कोट्यवधींचा थवा येतो, सगळं खातो आणि नंतर जणू पृथ्वीवरून नाहीसा होतो. मग एखाद्या वर्षी पुन्हा उगवतो. देवाचा कोप म्हणण्याशिवाय माणूस दुसरं काय म्हणणार?

बोरिस पेत्रोविच उवारोव्ह यांचा जन्म १८८० च्या दशकाच्या अखेरीस उराल्स्क या गावी झाला. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. आज त्या गावाचं नाव ओराल आहे आणि ते कझाकस्तानात आहे. उराल नदीच्या काठचं गाव. भूगोलाच्या पुस्तकांत या नदीला युरोप आणि आशिया यांच्यामधली हद्द मानतात. गावाभोवती गवताळ माळरान, आणि दक्षिणेकडे जावं तसं ते रखरखीत होत जातं. वडील सरकारी बँकेत नोकरीला. तीन मुलांमध्ये बोरिस सगळ्यात धाकटा. पोराला किड्यामुंग्यांचा नाद आहे हे बापानं ओळखलं आणि ब्रेम नावाच्या जर्मन लेखकाचे प्राणिजीवनावरचे जाडजूड खंड आणून दिले. माझ्या मते या चरित्रातलं पहिलं महत्त्वाचं पान हेच. बँकेत काम करणाऱ्या बापाला मुलानं किडे गोळा करण्यात काही गैर वाटलं नाही.

१९१० मध्ये सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातून पदवी घेतली. मग काही काळ आजच्या तुर्कमेनिस्तानात, वाळवंटाच्या कडेला असलेल्या कापसाच्या मळ्यांवर कीटकशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली. तिथून कॉकेशस पर्वताच्या उत्तरेला स्टाव्हरोपोल. खरी गोष्ट इथे सुरू होते.

स्टाव्हरोपोल भागात टोळांचा उपद्रव मोठा होता आणि त्यांच्याविरुद्धची मोहीम उवारोव्ह यांच्याकडे आली. वय पंचविशीच्या आसपास. मोहीम म्हणजे काय, तर गाड्या, माणसं, विषाची पोती, चर खणणं आणि पिल्लांना चरात ढकलून मारणं. हे काम करणाऱ्या माणसाला थांबून बघायला वेळ नसतो. उवारोव्ह यांनी तो काढला. त्या काळच्या पुस्तकांप्रमाणे त्या भागात दोन निरनिराळ्या जाती होत्या. एक थव्याने उडणारी, उपद्रवी. दुसरी एकेकटी राहणारी, गवतात लपणारी, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेली. दोघींचा रंग वेगळा. मानेमागचं कवच वेगळं : एकीचं खोगिरासारखं दबलेलं, दुसरीचं उंच कण्यासारखं उठलेलं. पिल्लंसुद्धा वेगळी. थव्यातली काळी-नारिंगी, एकटी राहणारी हिरवट. संग्रहालयांच्या पेट्यांत दोघी वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून टाचलेल्या होत्या.

पण शेतात हिशोब जुळेना. थव्याने जिथे अंडी घातली होती आणि जिथे बहुतेक पिल्लं मारली गेली होती, तिथे उरलेली विरळ पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांच्यात ती दुसरी, एकटी राहणारी जात निघाली. आणि काही अशी निघाली की तिला धड ही म्हणता येईना, धड ती. हे १९१२-१३ च्या सुमाराचं. गहू पेरला आणि ज्वारी उगवली असं कोणी सांगितलं तर आपण बियाणं विकणाऱ्याला पकडू. उवारोव्ह यांनी पुस्तकाला पकडलं. त्यांना वाटू लागलं की जाती दोन नाहीतच. एकच प्राणी आहे. विरळ असला की एक रूप, दाटीत वाढला की दुसरं.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. साधारण त्याच काळात ताश्कंदला प्लोत्निकोव्ह नावाचे शास्त्रज्ञ पिंजऱ्यात टोळ वाढवून हेच पाहत होते, आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत फाउर यांनी तिथल्या टोळांवर तेच सिद्ध केलं. शोध एकट्याचा नव्हता. पण सगळे धागे एकत्र ओवून, धाडी का येतात आणि कुठे जातात याची पूर्ण मांडणी उवारोव्ह यांनी केली.

ती मांडणी कागदावर यायला मात्र मध्ये एक जग कोसळावं लागलं. १९१५ पासून ते जॉर्जियात, तिफ्लिसला होते. महायुद्ध, मग क्रांती, मग साम्राज्याचे तुकडे. जॉर्जिया स्वतंत्र झाला आणि तिथे रशियन माणूस परका ठरला. एका संग्रहालयात त्यांनी काम धरलं, शिकवलं, कसेबसे दिवस काढले. ब्रिटिश सैन्य त्या भागात आलं होतं आणि त्या निमित्ताने एका ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाशी ओळख झाली. त्या ओळखीतून १९२० मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र विभागातून बोलावणं आलं. ज्या देशात जन्मले तो देश नकाशावरून गेला होता, ज्या देशात राहत होते तिथे ते नकोसे होते, आणि ज्या देशात निघाले तिथलं नागरिकत्व मिळायला १९४३ साल उजाडायचं होतं. तेवीस वर्षं. मधल्या काळात हा माणूस साम्राज्याच्या कोपऱ्याकोपऱ्यातून आलेल्या किड्यांची नावं ठरवत बसला होता. आफ्रिकेतून, हिंदुस्थानातून, इराकमधून पेट्या येत. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात तो त्या उघडून बघायचा आणि कळवायचा की हा अमुक किडा आहे.

१९२१ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचं सार असं : टोळाला दोन अवस्था असतात, एकलकोंडी आणि थव्यातली. पाऊस पडून हिरवळ वाढली की एकलकोंडे टोळ वाढतात. मग कोरड पडते, हिरवळ आक्रसते, आणि ते सगळे उरलेल्या हिरव्या तुकड्यांवर गोळा होतात. अंगाला अंग लागतं. या दाटीत त्यांची वागणूक बदलते, आणि पुढच्या पिढ्यांत रंग आणि आकारही बदलतो. म्हणजे धाडीच्या मधल्या काळात टोळ नाहीसे होत नाहीत. ते आपल्या डोळ्यांसमोरच असतात, फक्त आपण त्यांना ओळखत नाही. साधा नाकतोडा समजून पुढे जातो.

सुरुवातीचा अभ्यास उत्तरेकडच्या टोळावरचा होता, पण हीच गोष्ट वाळवंटी टोळालाही लागू पडली. आपल्याकडे येतो तो हाच. एकटा असताना तो वाळूच्या रंगाचा, रात्री उडणारा. थव्यात तरुण असताना गुलाबी, अंडी घालायच्या वयात पिवळा, आणि दिवसा उडणारा. २०२० मध्ये मोबाईलवर जे व्हिडिओ फिरत होते त्यांतले गुलाबी टोळ आठवा. ती तरुण पोरं होती, सगळ्यात खादाड वयातली. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात आणि तेवढा थवा एका दिवसात साधारण ३५,००० माणसांच्या जेवणाइतकं खातो. दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत जातो. अंगाला अंग लागल्यावर नेमकं काय होतं, हे कळायला मात्र २००९ साल यावं लागलं. मागच्या पायांना सतत स्पर्श होत राहिला की काही तासांतच टोळाच्या शरीरात सेरोटोनिन वाढतं आणि एकलकोंडा टोळ दुसऱ्या टोळांकडे ओढला जाऊ लागतो, असं त्या वर्षी दाखवून दिलं गेलं. उवारोव्ह यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त शेतात पाहिलं होतं आणि पाहिलेल्यावर विश्वास ठेवला होता.

पुढचं काम माझ्या दृष्टीने शोधाहून मोठं आहे, आणि पाठ्यपुस्तकात ते नसतंच.

१९२६ पासून वाळवंटी टोळांची मोठी लाट आली. हिंदुस्थानात १९२६ ते १९३१ या काळात पिकांचं नुकसान १० कोटी रुपयांचं धरलं जातं. त्या वेळचे १० कोटी. आफ्रिकाही होरपळत होती. १९२९ मध्ये लंडनमध्ये टोळांच्या अभ्यासासाठी एक छोटा कक्ष उघडला आणि तो उवारोव्ह यांच्याकडे आला. छोटा म्हणजे अगदी छोटा. पुढे झीना वालॉफ नावाची एक तरुणी मदतीला आली. तीही मूळची रशियाचीच. या लोकांनी ठरवलं काय, तर जगात जिथे कुठे टोळ दिसेल तिथून खबर मागवायची. कधी दिसला, किती, कोणत्या रंगाचा, कोणत्या दिशेने गेला, अंडी घातली का. जिल्ह्याचे अधिकारी, जहाजांवरचे लोक, शेतीखात्याचे कारकून, ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून. मग महिन्यामागून महिना त्या खबरा नकाशावर मांडायच्या.

हे वाचताना मला आमच्या गावचे कोतवाल आठवले. कोणाच्या बांधीत काय झालं हे त्यांना पहिलं कळतं. उवारोव्ह यांनी अर्ध्या जगाला कोतवाल केलं म्हणायचं.

नकाशांतून जे दिसलं ते कोणत्याही एका देशाला एकट्याने दिसणं शक्य नव्हतं. आफ्रिकेतल्या दोन जातींचे उगमाचे प्रदेश ठरावीक निघाले. एकीचा नायजर नदीच्या पूरमैदानात, दुसरीचा टांगानिका आणि ऱ्होडेशियातल्या दलदलींच्या बाजूला. तिथे पहारा ठेवला तर धाड जन्मायच्या आधीच अडवता येते. वाळवंटी टोळाचं मात्र असं एक घर नव्हतं. पश्चिम आफ्रिकेपासून राजस्थानपर्यंत जो कोरडा पट्टा पसरला आहे, तो सगळाच त्याचा. पाऊस जिथे पडेल तिथे तो जातो. अंडी घालायला त्याला ओली वाळू लागते, पिल्लांना कोवळी हिरवळ लागते, आणि वाळवंटात या दोन गोष्टी आज इथे तर पुढच्या वर्षी हजार किलोमीटरवर. सीमा ओलांडणं ही त्याची खोड नाही, त्याचं पोटच त्यावर आहे.

हिंदुस्थानच्या बाजूने या नकाशात भर घालणारे होते वाय. रामचंद्र राव. कोइमतूरला सरकारी कीटकशास्त्रज्ञ राहिलेला हा दक्षिणेचा माणूस १९३० च्या दशकात बलुचिस्तान, सिंध आणि राजपुतान्याच्या वाळूत टोळ मोजत फिरला. त्यांच्या पाहण्यांतून आपल्याकडचं चक्र स्पष्ट झालं. हिवाळ्यात आणि वसंतात बलुचिस्तान आणि इराणच्या किनाऱ्याकडे पाऊस, तिथे एक पिढी. उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर ती थरच्या वाळवंटात येते, पावसाळ्यात तिथे दुसरी पिढी. मग शरदात परत पश्चिमेला. आजोबांना जो प्रश्न मी विचारला होता त्याचं उत्तर हे. राजस्थानात ते आलेले पाहुणे असतात. १९३९ मध्ये टोळांची सूचना देणारी सरकारी संघटना सुरू झाली ती याच कामाच्या पायावर.

१९३१ मध्ये रोमला टोळांवरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. मग पॅरिस, लंडन, कैरो, आणि १९३८ मध्ये ब्रुसेल्स. तारखा नीट पाहा. याच वर्षांत इटलीने इथिओपियावर हल्ला केला होता, आणि युरोपातले देश एकमेकांवर तोफा रोखायच्या तयारीत होते. तरी ब्रिटन, फ्रान्स, इटलीचे लोक एका टेबलाशी बसून आपापल्या वसाहतींतल्या टोळांच्या नोंदी एकमेकांना देत होते, आणि त्या नोंदी गोळा करायचं काम ज्याला धड कुठल्याच देशाचं म्हणता येत नव्हतं अशा एका माणसाकडे होतं. मला वाटतं हा योगायोग नव्हता. इटालियन अधिकाऱ्याला लंडनमधल्या इंग्रजापेक्षा लंडनमधला रशियन कमी खुपला असेल. हा माझा तर्क, कुठे वाचलेला नाही.

पण सगळंच गोड नव्हतं. हे सगळं साम्राज्याचं ज्ञान होतं. नुकसान मोजलं जायचं ते महसूल आणि निर्यातीच्या पिकांचं. वाळवंटात उंट आणि शेळ्या घेऊन फिरणाऱ्या लोकांना टोळ सगळ्यांच्या आधी दिसायचे, कारण माणसं आणि टोळ दोघंही त्याच पावसामागे जात. खबर त्यांचीच असायची. नकाशावर मात्र नाव नसायचं. शिवाय टोळ मारायला कोंड्यात सोडियम आर्सेनाइट कालवून वाळूत पसरायचे. आपल्या जनावरांच्या पोटात ते जाईल ही भीती त्या पशुपालकांना होती आणि ती भीती वेडी नव्हती. पुढे १९५० च्या दशकात डिएल्ड्रिन आलं, ते वर्षानुवर्षं मातीत राहणारं. टोळांच्या इतिहासात या विषांचं पान सहसा विजय म्हणून लिहिलेलं असतं. मला ते तसं लिहावंसं वाटत नाही. उवारोव्ह यांचा स्वतःचा आग्रह थवा उठायच्या आधी, कमी जागेत, कमी विषात त्याला अडवायचा होता. पण त्यासाठी शांततेच्या वर्षांतही पैसा आणि माणसं लागतात, आणि टोळ दिसत नसताना टोळांवर पैसे द्यायला कोणतंच सरकार तयार नसतं.

दुसऱ्या महायुद्धात टोळ पुन्हा उठले. मध्यपूर्वेत सैन्यं होती, जहाजं कमी होती, धान्य बाहेरून आणणं अवघड होतं. टोळांनी तिथलं पीक खाल्लं असतं तर उपासमार ठरलेली. उवारोव्ह यांनी लंडनमधून मोहिमेची आखणी केली. इराणमध्ये सोव्हिएत पथकंसुद्धा टोळांविरुद्ध उतरली. ज्या सत्तेमुळे उवारोव्ह परत घरी जाऊ शकले नव्हते, तिच्याच माणसांच्या जोडीने आता काम.

युद्धानंतर १९४५ मध्ये त्या छोट्या कक्षाचं टोळविरोधी संशोधन केंद्र झालं आणि उवारोव्ह त्याचे संचालक. याच मोहिमेसाठी विल्फ्रेड थेसिजर नावाचा भटक्या इंग्रज अरबस्तानात गेला. रब अल खाली, म्हणजे रिकामा प्रदेश, या अफाट वाळवंटात टोळांची पैदास होण्याजोगी जागा आहे का हे त्याला बघायचं होतं. १९४६ ते १९४८ मध्ये त्याने बेदुइन सोबत्यांबरोबर उंटावरून ते वाळवंट दोनदा ओलांडलं. त्या प्रवासावरचं त्याचं पुस्तक जगभर गाजलं. ते वाचणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात वाळू राहते, उंट राहतात, पण हा सगळा प्रवास एका किड्यासाठी होता हे राहत नाही.

१९४७ मध्ये आपल्याकडे फाळणी झाली. रामचंद्र रावांनी जो मुलूख एक म्हणून पाहिला होता त्याचे दोन देश झाले. कराची तिकडे, जोधपूर इकडे, आणि थरचं वाळवंट मधोमध कापलेलं. रावांचं वाळवंटी टोळांवरचं मोठं पुस्तक १९६० मध्ये दिल्लीहून निघालं. त्यातला बराच प्रदेश तोवर पासपोर्टशिवाय जाता येणार नाही असा झाला होता. तरी टोळांच्या बाबतीत बोलणं तुटलं नाही. १९६४ मध्ये अन्न व कृषी संघटनेने भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान यांचा एक आयोग नेमला. या चार देशांची आपसातली नाती आठवली की आश्चर्य वाटतं.

उवारोव्ह यांच्या उत्तरायुष्यातले मान-सन्मान भराभर सांगते : १९५० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य, १९५९ मध्ये निवृत्ती, १९६१ मध्ये सर ही पदवी. यापेक्षा मला १९५७ चा एक लेख महत्त्वाचा वाटतो. युनेस्कोने त्या काळी कोरड्या प्रदेशांवर ग्रंथमाला काढली होती. त्यातल्या माणूस आणि प्राणी यांच्यावरच्या खंडात उवारोव्ह यांनी कोरडेपणा आणि टोळ यांचं नातं तपासलं. आयुष्यभर टोळाकडे बघणारा माणूस आता माणसाकडे बघत होता. गवताळ जमीन नांगरून सोडून दिली, रान तोडलं, एकाच जागी जनावरं फार चारली, की उघडी माती आणि खुरटी झुडपं यांची ठिगळं तयार होतात. टोळांना नेमकी अशीच ठिगळं आवडतात. अंडी घालायला मोकळी जमीन, शेजारी खायला पाला. म्हणजे संकट आकाशातून येतं खरं, पण त्याचं अंथरूण काही ठिकाणी आपणच घालून ठेवलेलं असतं.

टोळ आणि नाकतोडे यांवरच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १९६६ मध्ये आला. दुसऱ्यावर काम चालू असताना १८ मार्च १९७० रोजी लंडनमध्ये ते वारले. तो खंड १९७७ मध्ये निघाला. त्याच वर्षापासून भारत आणि पाकिस्तानचे टोळ-अधिकारी सीमेवर भेटू लागले. मुनाबाव या बाजूला, खोखरापार त्या बाजूला. पावसाळ्याच्या महिन्यांत, महिन्यातून एकदा, कुठे किती टोळ दिसले एवढंच एकमेकांना सांगायचं.

२०२० ची धाड कुठून आली, हे आता मला नीट सांगता येतं. २०१८ मध्ये मेकुनू आणि लुबान अशी दोन चक्रीवादळं अरबस्तानवर आदळली. रब अल खालीत, जिथे थेसिजर उंटावरून गेला होता तिथे, वाळूच्या टेकड्यांमध्ये तळी साचली. टोळांच्या लागोपाठ तीन पिढ्या तिथे वाढल्या आणि कोणी पाहिल्या नाहीत. तिथून थवे येमेनमध्ये गेले. तिथे युद्ध चालू होतं, त्यामुळे त्यांना मोजणारं आणि मारणारं पुरेसं कोणी नव्हतं. काही आफ्रिकेत गेले, काही इराण आणि पाकिस्तानातून राजस्थानात. त्या वर्षी उन्हाळ्यात राजस्थानात पिकं नव्हती, हिरवं काही नव्हतं, वारा जोराचा होता. म्हणून ते एरवीसारखे तिथे थांबले नाहीत, पूर्वेकडे येत राहिले. करोनामुळे त्या वर्षी दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांना सीमेवर बसता आलं नाही. ते संगणकाच्या पडद्यावर भेटले.

भंडाऱ्यानंतरच्या त्या थव्याचं पुढे काय झालं याच्या बातम्या आम्ही आठवडाभर ऐकल्या. दोन रात्री आजोबा आणि शेजारचे काका धुऱ्यावर खाट टाकून झोपले, डबे उशाशी ठेवून. आमच्या वावरात काही तो उतरला नाही. धान कापून झाला. पुलावरचं नाकं उठलं तेव्हा आई मामाकडे गेली आणि मी डबे परत माळ्यावर ठेवले. आजोबांनी एक खालीच ठेवायला सांगितला.